ओढ्यापल्याडचा कौल

साताऱ्याच्या कॅम्पामागच्या माळावर साहेबलोकांनी गोल्फचं मैदान केलं होतं. मैदान म्हणायचं ते नावालाच. पावसाळा सरला की चार दिवस गवत, मग सगळी तांबडी ढेकळं आणि कुसळं. चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्याभोवती हिरवळ टिकत नाही म्हणून तिथं वाळूत तेल कालवून ती घोटून ठेवलेली. तिसऱ्या खळग्याच्या वाटेवर ओढा आडवा होता. चेंडू एका टोल्यात ओढ्यापल्याड जायला हवा. पलटणीत अधिकारी असलेल्या मानसिंगरावांनी लग्नानंतर हौसेनं बायकोच्या हातात काठी दिली, तेव्हा चंद्राबाईला हा टोला महिन्याभरात साधला होता. "मोहित्यांची सून पदर खोचून चेंडू बडवते," असं कराडकडच्या भावकीत बोललं गेलं. मानसिंगराव नुसते हसले. "बडवू दे. माझ्यापेक्षा सरळ मारते," म्हणाले.

मग ते पलटणीबरोबर मलायाला गेले. सिंगापूर पडलं आणि तार आली, कॅप्टन मानसिंगराव मोहिते बेपत्ता. मेले म्हणावं तर तसं नाही, शत्रूनं धरले म्हणावं तर तेही नाही. बंगल्यात शेजारच्या बायका येऊन बसल्या. त्यांच्यासमोर बसवेना, म्हणून चंद्राबाई मागल्या दारानं निघाली ती माळावर पोचली. काठी हातात कधी घेतली हेही तिला आठवत नव्हतं. ओढ्याच्या अलीकडे उभी राहिली आणि मनात आपसूक आलं, पल्याड गेला तर ते आहेत.

चेंडू पल्याड गेला. त्या रात्री तिला झोप लागली.

पण आठवडाभरात ती झोप आटली. पुन्हा विचारावंसं वाटलं. पुन्हा गेला तर आणखी काही दिवस जेवण गोड लागायचं. पुढंपुढं सकाळी उठलं की हात शिवशिवू लागले. आणि जसजसं विचारणं वाढलं तसतसा टोला बिघडत गेला. काठी खाली येताना मनगटं आवळायची, मान चेंडूआधी वर उठायची. चेंडू ढेकळात आपटायचा, नाहीतर ओढ्याच्या चिखलात बुडायचा. मग पुन्हा एक, हा शेवटचा. मग आणखी एक, मघाचा वाऱ्यानं गेला.

त्यात चेंडू मिळेनासे झाले. रबर यायचं मलायातून, आणि मलायाच जपान्यांनी घेतलेली. साहेबसुद्धा फाटके चेंडू शिवून खेळत होते. कर्नलची बायको, मिसेस बार्टन, तिला एकदा म्हणाली, "तुला झालंय तरी काय? पूर्वी तू डोळे मिटून मारलास तरी जायचा." चंद्राबाईनं काहीतरी उत्तर दिलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्या बाईनं तिला डॉक्टरकडे नेलं असतं.

सासूबाई, साळूबाई, कराडजवळच्या गावाहून यायच्या. दारातच विचारायच्या, "कवा येनार गं माझा ल्योक?"

"येतील, आत्याबाई. मला आतून कळतंय."

"खरं?"

"खरं."

म्हातारी त्या एका शब्दावर गावी परतायची आणि भावकीला ठणकावून सांगायची, "माझी सून सांगती, त्यो हाय." ज्या दिवशी चेंडू ओढ्यात गेलेला असायचा त्या दिवशीही चंद्राबाई हेच सांगायची. फक्त सांगताना सासूच्या डोळ्यांकडे बघायची नाही.

आणखी एकजण यायची. हाजराबी. मानसिंगरावांबरोबरच मलायाला गेलेला त्यांचा अर्दली कुतुबुद्दीन, त्याची बायको. गावात भावाकडे राहायची, बांगड्या भरायची. दर्ग्याला नवस बोलली होती आणि गुरुवारी तिथं जाऊन मग बंगल्याच्या पायरीवर येऊन टेकायची.

"काय खबर, बाईसाहेब?"

"साहेबांची काही नाही."

ती उठून जायची. आपण 'साहेबांची' म्हणतो आणि ही विचारते ती दुसऱ्याच माणसाची, हे चंद्राबाईच्या कधी ध्यानातच आलं नाही.

एकदा हाजराबी तिला शोधत माळावर आली. चंद्राबाई ओढ्यात गुडघाभर चिखलात उतरून हातानं चाचपत होती. लुगडं भिजलेलं, केस सुटलेले. हाजराबीही सलवार वर खोचून उतरली आणि शोधू लागली.

"तू कशाला आलीस? हो बाहेर!" चंद्राबाई ओरडली.

"तुमचं कायतरी मोलाचं पडलंया न्हवं?"

चंद्राबाई चिखलातच उभी राहिली. पडलं होतं ते काय, हे तिला सांगता येईना.

लढाई संपली. कैदी सुटून येऊ लागले. पुण्याला गाड्या भरभरून येत होत्या. कुणाचा नवरा आला, कुणाचा दीर. रोज कॅम्पात कुठंतरी ओवाळणी चालू होती. चंद्राबाईचा जीव टांगणीला लागला. तिच्यापाशी एकच चेंडू उरला होता, साल निघालेला. एका सकाळी ती तो घेऊन गेली आणि मनात स्पष्ट म्हणाली, आता अखेरचं. पल्याड गेला तर येणार. नाही गेला तर मी आस धरून बसणार नाही.

तिनं काठी उचलली. टोला बसला. अगदी जुन्यासारखा, टणत्कार होऊन. चेंडू उंच गेला, ओढ्यावरून गेला, पल्याडच्या काठावर दोनदा उसळला आणि थांबला. चंद्राबाई ओढा ओलांडून धावली, चेंडू पदरात बांधला आणि हसत, धापा टाकत बंगल्याकडे निघाली.

पायरीवर हाजराबी बसली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर एक माणूस उभा होता. हाडांचा सापळा, अंगावर दुसऱ्याचा असावा असा ढगळ कोट. त्यानं टाचा जुळवून सलाम केला.

"जोतीराम, बाईसाहेब. सायबांच्याच पलटणीतला. कालच आलो."

"साहेब?"

जोतीरामानं आधी हाजराबीकडे पाहिलं. त्याचं तिला सगळं सांगून झालं होतं. "सायबांना आमच्यातनं येगळं काढलं. लय जणांना एका जहाजात घातलं, दक्षिणेकडं कुठल्या बेटावर न्यायला. त्याम्होरं त्या जहाजाचं काय झालं, कुनालाच ठाव न्हाई. कुतुबुद्दीन आमच्यासंगं छावनीत व्हता. हगवणीनं गेला. मी आन् आनखी एकानं मिळून मूठमाती दिली."

चंद्राबाईच्या मनात पहिलं आलं ते हे, जहाज. म्हणजे मेले नाहीत. कौल खरा निघाला.

त्या क्षणी तिला आनंद झाला. पायरीवर कुतुबुद्दीनची बायको बसली असताना, तिच्या डोळ्यांदेखत, तिला आनंद झाला. आणि दुसऱ्याच क्षणी हाजराबी वर बघून म्हणाली, "बाईसाब, माझा नवस कुठं कमी पडला वं? एक गुरवार चुकवला न्हाई मी. तापात व्हते तवाबी गेले."

चंद्राबाई तिथंच खाली बसली.

तिला माहेरचं देऊळ आठवलं, माण तालुक्याच्या उजाड भागातलं. गुरव देवाच्या अंगाला दोन कळ्या चिकटवायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिच्या चुलतीला मूल नव्हतं. डावी कळी पडली की चुलती गुरवाला म्हणायची, "नीट लागली नव्हती. पुन्हा लाव." उजवी पडेपर्यंत लावायला लावायची. लहानपणी चंद्राबाई या गोष्टीला हसली होती. आणि आता स्वतः काय करत होती? तिच्या सगळ्या कौलांत कुतुबुद्दीन एकदाही नव्हता. त्याच्या जगण्यासाठी तिनं एक चेंडूही मारला नव्हता. आणि मारला असता, शंभर मारले असते, तरी तो हगवणीनंच गेला असता.

"काही कमी पडलं नाही, हाजराबी," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तुझ्या हातात नव्हतंच ते. माझ्याही नाही."

हाजराबी तेव्हा रडली. चंद्राबाईनं तिला जवळ ओढलं. जोतीराम कोटाचं बटण चाचपत उभा राहिला.

पुढचे कित्येक दिवस चंद्राबाई माळावर फिरकली नाही. घरातही थारा नव्हता. पूर्वी निदान विचारायला जागा होती. आता न विचारता दिवस काढायचा होता, आणि दिवस हलता हलत नव्हता. वाळलेलं पान दारात पडलं तरी मन म्हणे, हे उलटं पडलं की सुलटं? ती स्वतःवरच डाफरायची, "बास!" आणि तासाभरानं पुन्हा तेच.

अखेर एका दुपारी ती काठी घेऊन गेली. नुसता चेंडू मारायचा, दुसरं काही नाही, असं ठरवून. उभी राहिली आणि मन लगेच म्हणालं, पल्याड गेला तर... तिनं काठी खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. इतकी वर्षं जिभेला लागलेली चव सहजी सुटते होय? ती ढेकळांत बसून रडली. मग डोळे पुसून चेंडूकडे बघत राहिली. नीट, पहिल्यांदाच. त्याची साल कुठं निघालीय, आतली रबराची दोरी कशी दिसतेय, एका अंगाला चिखल कसा वाळलाय. बघता बघता श्वास जागेवर आला. ती उठली आणि त्या वाळल्या चिखलावर नजर ठेवून तिनं टोला मारला.

चेंडू ओढ्यात गेला.

चंद्राबाई वाट बघत राहिली. छातीत कळ येईल, हातपाय गार पडतील. तसं काही झालं नाही. दूर कुणाचीशी बकरी ओरडली. चेंडू ओढ्यात गेला होता, एवढंच.

त्या हिवाळ्यात मिसेस बार्टननं विलायतेला परतताना आपले उरलेले चेंडू तिला दिले. चंद्राबाई खेळत राहिली. मनगटं सैल सुटली, मान जागची हलेना. तिसऱ्या खळग्याशी अडून न बसता ती चौथ्याकडे जाऊ लागली, पाचव्याकडे जाऊ लागली. एखाद्या दिवशी जुना प्रश्न मान वर काढायचा. मग ती काठी टेकवून तो निघून जाईपर्यंत उभी राहायची. बिनचूक खेळू लागली असं नव्हे. दुःख तर तसूभरही कमी झालं नव्हतं. उलट आता त्याच्या आड काहीच नव्हतं.

आणि मग सरकारनं कळवलं की जहाजाचा ठावठिकाणा लागत नाही, कॅप्टन मोहिते मृत धरले जावेत. हे सांगायला ती एकटी कराडकडे गेली. साळूबाई सोप्यात शेंगा फोडत होत्या.

"काय म्हनतंया सरकार?"

"गेले असं धरा, म्हणतंय."

"सरकार ऱ्हाऊ दे. तुला काय कळतंय आतून?"

इतकी वर्षं जे उत्तर तोंडावर होतं ते पुन्हा ओठांशी आलं. चंद्राबाई सासूसमोर बसली, तिच्या डोळ्यांकडे बघितलं.

"मला ठाऊक नाही, आत्याबाई. कधीच ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगत आले ते माझ्याच धीरासाठी सांगत आले."

साळूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांचा चेहरा आधी रागानं तांबडा झाला, मग पार उतरला. "मग भावकीला मी काय सांगू? तुजं कुकू ठेवायचं का पुसायचं, त्ये कुनाला इचारू?"

"कुणालाच नको. कुंकू राहू दे. एखाद्या दिवशी मला पुसावंसं वाटलं तर मी पुसेन."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं आणि पदर तोंडावर घेतला. बेपत्ताची तार आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती, सुनेच्या शब्दावर ताठ बसली होती. आता ती लेकाला नाव घेऊन हाका मारत रडली. मग हुंदके देत सांगू लागली, लहानपणी तो कृष्णेच्या डोहात कसा बुडता बुडता वाचला होता, दूध कसं नको म्हणायचा. चंद्राबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती ऐकत राहिली, मध्येच स्वतःही रडली.

ऊन उतरलं तशी ती निघाली. साताऱ्याची मोटार गाठायची होती, घरी हाजराबी एकटीच होती. आता ती बंगल्यातच राहत होती.

साळूबाईंनी उंबऱ्याशी येऊन विचारलं, "परत कवा येशील?"

"सोमवारी."

"ह्ये तरी ठाव हाय न्हवं?" म्हातारी नाक ओढत म्हणाली.

"हे ठाऊक आहे," चंद्राबाई म्हणाली आणि वाकून तिच्या पाया पडली.