हेडफोनमधली खरखर

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझा पडदा काडेपेटीएवढा, आकडे पुसट झालेले. तरी मित्रांनो, मी कित्येक वर्षे विमानाच्या कॉकपिटमधून फिरलो आहे.

माझी मालकीण सहवैमानिक. तिला नोकरी लागली, त्या दिवशी वडिलांनी मला आणले. विमानाचे दार लागण्यापूर्वी ती मला न चुकता बंद करी. आमच्या पिढीत ‘विमान मोड’ नव्हता. एक तर चालू, नाही तर बंद.

एक दिवस तिने मला बंद केले नाही. त्या सकाळी वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होती आणि आई निरोप धाडणार होती. विमान जमिनीजवळ येताच तो कळावा, म्हणून तिने मला बॅगेत चालूच ठेवले. मोबाईल बंद करा म्हटले की प्रवाशांना श्वास बंद करायला सांगितल्यासारखे वाटते, अशी थट्टा कॅप्टन करत होते. ती हसली, पण बॅगेकडे तिने पाहिले नाही.

उतरताना खाली दाट धुके होते. काचेबाहेर नुसते पांढरे. विमान कॅप्टन चालवत होते, विमानतळावरच्या नियंत्रकाशी ती बोलत होती. आणि मी जमिनीवरचा मोबाईलचा टॉवर शोधत होतो. दूरचा टॉवर गाठायचा तर आम्हाला जिवाच्या आकांताने हाका माराव्या लागतात. त्या हाका दोघांच्या हेडफोनमध्ये शिरल्या. टर्र टर्र, टर्र टर्र. नेमका तेव्हाच नियंत्रक बोलला आणि त्याचे शब्द त्या खरखरीत बुडाले.

“काय म्हणाला?” कॅप्टननी विचारले.

उतरायची परवानगीच असणार, असे म्हणून तिला मोकळे होता आले असते. धावपट्टी अजून दिसत नव्हती.

“नाही ऐकू आलं, सर. वर घेऊ या.”

इंजिने गरजली, विमानाने नाक उचलले. ते वर स्थिरावल्यावर तिने बॅगेत हात घातला.

“माझाच मोबाईल होता, सर.”

“आधी उतरू. मग बोलू,” एवढेच कॅप्टन म्हणाले, आणि मी बंद झालो.

पुढचे मला नंतर समजले. धावपट्टीवर एक विमान अजून उभे होते. नियंत्रक उतरू नका, असेच सांगत होता.

जमिनीवर तिने मला चालू केले, तेव्हा आईचा निरोप आला: ‘डॉक्टर अडकलेत. ऑपरेशन दुपारी.’ ज्या बातमीसाठी मी कोकलत होतो, ती अजून घडलीच नव्हती.

आपली चूक तिने अहवालात स्वतः लिहिली आणि दोन महिने उड्डाणाविना काढले. वडील बरे होऊन घरी आले आणि म्हणाले, “माझ्यापायी दीडशे माणसं कशाला गं टांगणीला लावलीस?”

आता काळ बदलला आहे. काही विमानांत मोबाईलचे छोटेसे केंद्रच बसवलेले असते. तिथे मोबाईलला ओरडावे लागत नाही, कुजबुजून भागते. लोक ढगांवरून घरच्यांशी बोलतात. मी मात्र तिच्या टेबलाच्या खणात पडून असतो.

मित्रांनो, माझे नवे भाऊबंद माझ्याहून पुष्कळ शहाणे आहेत. तरीही विमानात त्यांना गप्प ठेवा, असे सांगितले की लगेच गप्प ठेवा. आम्हाला हाका मारता येतात. कोणाचे बोलणे आम्ही बुडवतो आहोत, ते मात्र आम्हाला कळत नाही.