हनुवटीखालची कातडी

संघमित्राने तीन वर्षं आईचं केलं. काळाचौकीच्या चाळीतल्या एका खोलीत, शाळेच्या ऑफिसातली क्लार्कची नोकरी सांभाळून. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. फेब्रुवारीत आई, चंपाबाई, गेली. चाळीतल्या बायका म्हणाल्या, "सुटली गं बाई." नक्की कोण सुटलं, ते विचारायचं त्राण संघमित्रात नव्हतं.

त्यानंतर तिचं वजन जे उतरायला लागलं ते थांबेचना. ब्लाउज ढगळ झाले, गाल बसले, हनुवटीखाली कातडीची सैल घडी पडली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एका पालकाने खिडकीतून विचारलं, "आजी, दाखला इथेच मिळतो ना?"

संघमित्रा एकोणपन्नासची होती.

बाजूच्या टेबलावरच्या मालनने ते ऐकलं. "चल दादरला. माझ्या जाऊबाईने केलंय. सुई नाही, कापाकापी नाही, नुसतं मशीन फिरवतात. कातडी एकदम टाइट."

"बघू."

"बघू काय? मी अपॉइंटमेंट घेते."

नको म्हणायलाही ताकद लागते. संघमित्रा गेली.

डॉक्टर दर्शना पस्तिशीची असेल. तिने हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून सोडली. "हे अल्ट्रासाउंडच. पोट तपासतात ना, तसंच. फक्त इथे कातडीच्या आत नेमक्या जागी उष्णता देतात. मग ती हळूहळू आवळते. थोडं दुखतं, फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पार लोंबलेल्या कातडीवर फारसा उपयोग नाही."

"माझी?"

"मधली आहे. पण तुम्हाला का करावंसं वाटतं?"

मालनने तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाली, "त्यांना बोलू द्या."

संघमित्रा म्हणाली, "आईचा चेहरा शेवटी असाच झालेला. आरशासमोर उभी राहिले की तीच दिसते. दचकायला होतं. आता वेणी न बघताच घालते मी."

डॉक्टरने फॉर्म पुढे केला. सही करताना पेन कागदावर थरथरलं.

"हात नेहमी असा थरथरतो?"

"झोप नाही होत."

"छातीत धडधड?"

"दमल्यावर होणारच की."

"जेवण?"

"जेवते. हल्ली तर जास्तच भूक लागते."

"आणि तरी वजन उतरतंय?" डॉक्टरने फॉर्म काढून घेतला. "आज मशीन नाही. वजन उतरत असताना कातडी आवळली तर ती पुन्हा सैल पडणार. आधी थायरॉइडची तपासणी करून घ्या."

जिना उतरताना मालन कुरकुरली, "एवढं घेऊन आले आणि रक्त तपासा म्हणे!" संघमित्राला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. आणखी एक कागद, इतकंच. आठ दिवस चिठ्ठी पर्समध्येच राहिली. मग एका संध्याकाळी चाळीच्या जिन्यात काळीज इतकं धडधडलं की ती पायरीवरच बसली. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं.

थायरॉइड भलताच वाढला होता. परळचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "अहो, इतके दिवस काढलेत कसे?"

"आईचं होतं ना," ती म्हणाली. आईला जाऊन पाच महिने झालेत, हे तिला बोलून गेल्यावर आठवलं.

गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हाताची थरथर थांबली. वजन निम्म्याहून अधिक परत आलं, गाल भरले. हनुवटीखालची घडी मात्र राहिली.

जानेवारीत ती दर्शनाकडे एकटीच गेली.

"आता करता येईल," डॉक्टर म्हणाली. "फरक बेताचाच पडेल, पण पडेल. आईसारखं दिसणं मात्र जाणार नाही. ते हाडातच आहे तुमच्या."

"हे टिकतं किती?"

"साधारण वर्ष, दीड वर्ष."

"मग?"

"हवं असेल तर पुन्हा."

संघमित्राने घडीवरून अंगठा फिरवला. आरसा समोरच होता. दचकली नाही ती. "पुन्हा पुन्हा करायच्या गोष्टींचा कंटाळा आलाय हो, डॉक्टर. राहू दे."

"राहू दे," डॉक्टरही म्हणाली. तिने आग्रह केला नाही.

घरी येऊन संघमित्रा चटईवर आडवी झाली. मालनचा फोन आला तेव्हा सहा वाजून गेले होते.

"झालं का?"

"नाही केलं."

"अगं वेडे! मग दुपारभर होतीस कुठे?"

"झोपले होते," संघमित्रा म्हणाली, आणि कूस बदलली.