धवला मधेच तोडायचा नसतो

पडद्यावरचं गोल चक्र फिरायला लागलं आणि जागृतीने कपाळाला हात लावला.

"आई, थांबा. कॉम्प्युटर परत अडकला."

केशरबाई थांबल्या नाहीत. डोळे मिटून गातच राहिल्या आणि हळदीच्या धवल्याचं शेवटचं कडवं संपवूनच त्यांनी डोळे उघडले. कोपरखैरणे गावात कुणाचंही लग्न असो, मांडवात लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणायचा मान धवलारीणबाईचा, आणि कित्येक वर्षं तो केशरबाईंकडे होता. त्यांचा नियम एकच. धवला मधेच तोडायचा नाही, आणि तुटलाच तर पहिल्यापासून. अर्ध्या आवतणावर देव येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"झाला नं रेकॉर्ड?"

"अर्धाच झाला."

"मंग परत पैल्यापासून," केशरबाई म्हणाल्या आणि खोकल्या.

जागृतीने पाण्याचा पेला पुढे केला. सोमवारी सासूबाईंच्या गळ्यातली गाठ काढायची होती. त्यानंतर आवाज राहील की जाईल, हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते. त्याआधी हा एक धवला तरी नीट उतरवून ठेवावा, एवढाच तिचा हट्ट होता. फोनवर करून पाहिलं, पण केशरबाई आता इतक्या हळू गात की फोनला पंख्याचीच घरघर जास्त आवडे. म्हणून चांगला माइक आणून कॉम्प्युटरला जोडला, तर कॉम्प्युटरचे हे नखरे.

शेवटी मितेशला बोलावलं. हा तिचा चुलत दीर, नेरूळला त्याचं रिपेअरिंगचं दुकान.

"वहिनी, मी रॅम वाढवून दिलेली ना? चारची आठ केली. तरी हँग होतो म्हंजे खटारा झालाय. भंगारात द्या आता."

"दिलीस रे, पन मशीनला ती दिसते का? बघ तरी एकदा."

मितेशने माहितीची खिडकी उघडली. आठ जीबी बसवलेली, असं तिथे ठळक लिहिलं होतं. पण त्याच्याच पुढे, वापरता येण्याजोगी जेमतेम सव्वातीन. मितेशने जीभ चावली.

"आयला! तुमची विंडोज बत्तीस बिटवाली हाय. तिला चारच्या वरचं दिसतच नाय. टाकताना मी बघितलंच नाय, वहिनी."

"म्हंजे एवढे दिवस ती आत होती?"

"होती ना. नुसती पडून."

मग दोघं उपाय शोधायला बसले. नवीन विंडोज एवढ्या जुन्या मशीनला दारातूनच परत पाठवणार. हीच जुनी विंडोज चौसष्ट बिटची, म्हणजे सगळी रॅम दिसणारी, टाकायची, तर आधी आतलं सगळं पुसायचं. विंडोजऐवजी लिनक्स टाकायची, तर ती हलकी, फुकट, आणि रॅमही सगळी वापरणारी. पण जागृतीचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर तिच्यात चालेना, आणि घरबसल्या मिळणारं काम तर त्याच्यावरच.

"मंग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवू," मितेश म्हणाला. "टेन्शन नको. आतलं काय पुसायचं नाय. गानं झालं की पेनड्राइव्ह काढा, तुमची विंडोज जागच्या जागी."

"मंजे पाहुनी सून," केशरबाई म्हणाल्या. "काम करनार नि जानार. ब्येस हाय."

पेनड्राइव्ह लावला. या पाहुणीला आठच्या आठ जीबी दिसली, आणि जागृती लहान मुलीसारखी हसली.

केशरबाईंनी गळ्यावरून हात फिरवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पडद्यावर आवाजाची रेघ न अडखळता सरकत होती. देवांना आवतणं गेली, हळद दळून झाली, नवरीच्या मामाचा मान झाला. शेवटची कडवी आली आणि केशरबाईंचा आवाजच गेला. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता.

जागृतीचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला. परत पहिल्यापासून गाणं आता त्यांना जमणार नाही, हे तिला त्यांच्या डोळ्यांतच दिसलं.

लग्न होऊन आल्यापासून ती मांडवात सासूबाईंच्या मागे उभी राहायची, हातात हळदीचं ताट घेऊन. बायका मागून ओळ धरायच्या, ही गप्प. "मला आवाज नाही," असं पहिल्याच लग्नात ती म्हणाली होती, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. तिने स्वतःसुद्धा.

तिने बटणावरचा हात मागे घेतला आणि पुढची ओळ म्हटली.

आवाज थरथरला, पण सूर चुकला नाही, शब्द तर एकही नाही. केशरबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ठेका धरला. रेघ सरकत राहिली. धवला पुरा झाला तेव्हा मितेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"कॉम्प्युटर नाव विचारतोय, वहिनी," पडद्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "गानारीचं."

जागृतीने टाइप केलं.

"काय लिवलंस?" केशरबाईंनी घोगऱ्या, फुटक्या आवाजात विचारलं.

"तुमचं नाव, आई."

केशरबाईंनी मान हलवली. बोट आधी स्वतःकडे केलं, मग तिच्याकडे. जागृतीने पुढे आणखी एक नाव लिहिलं. केशरबाईंना वाचता येत नव्हतं. त्या पडद्याजवळ वाकल्या, आणि मघापेक्षा ओळ लांब झालेली पाहून मगच मागे टेकल्या.

"आता खुशाल कापू दे त्या डॉक्टरला," त्या म्हणाल्या.