ओढणीतला टाकळा

पायलने मागे वळून पाहिलं आणि चिमूटभर पाला गुपचूप ओढणीत बांधला. तिला वाटलं, सासूचं लक्ष नाही. पण समोरच्या डोंगरावर चढणारी शेळीसुद्धा बनाबाईला दिसायची, तिथे सून कशी सुटेल?

लोणंदची ही पोर लग्न होऊन आली आणि “आत्या, मला रानभाज्या शिकवा” म्हणून मागे लागली, तेव्हाच बनाबाईला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं. जागा कळल्या, की ही उद्या वेगळी पाटी मांडायची! म्हणून तिने सुनेला मुद्दाम आडवाटांनी फिरवलं. बाजारात सगळ्यात जास्त भाव मिळणाऱ्या करटुलीचा वेल तर दाखवलाच नाही. वाईच्या बाजारात बायका म्हणायच्या, बनाबाईची भाजी निवडावी लागत नाही. तेवढ्या एका बोलण्यावर ती ताठ मानेने जगत आली होती.

आणि आता घरातच चोरी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय लपवतीस गं? कुनाला इकतीस माझा टाकळा?”

“काय न्हाई, आत्या. आवं, ऱ्हाऊ द्या...”

बनाबाईने ओढणी हिसकली. गाठ सुटून पाला खाली सांडला. तिने तो उचलून नाकाशी नेला आणि हात तिथेच थांबला. टाकळ्याला असला उग्र वास नसतो. तिने पान चाचपलं. टाकळ्याचं पान टोकाला गोल असतं, हे टोकदार लागत होतं. टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा! पोटात गेला तर माणूस ओकून बेजार व्हायचा.

“ह्यो कुठनं आला?”

पायल खाली बघत म्हणाली, “तुमच्या पाटीतनं.”

“कवापासनं?”

“आखाडापासनं. तुमी सुई ववाय मला द्यायला लागला, तवाच कळलं, तुमाला जवळचं दिसंना. म्हनून तर शिकाय लागले.”

बनाबाईला शरम वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली.

“कुनाला बोललीस?”

“ह्यास्नी सुदिक न्हाई.”

 बनाबाई पदराने तोंड पुसून उठली. “चल. करटुलीचा येल दावते.”

सोमवारी बाजारात नेहमीच्या गिऱ्हाईक विजयमालाबाईंनी टाकळ्याची जुडी उचलली. “बनाबाई, निवडायला नको ना?”

बनाबाईने सुनेकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या पायलने ती जुडी घेऊन पाला वरखाली केला आणि सासूच्या गुडघ्याला हळूच बोट लावलं.

“न्हाई लागत, बाई,” बनाबाई नेहमीच्याच ठसक्यात म्हणाली.