गोडंबीचे लाडू

बिब्याच्या टरफलात काळं, चिकट तेल असतं. अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात, आणि डाग तर जन्मभर जात नाही. त्याच टरफलाच्या आत मात्र बदामासारखी गोड बी असते, ती गोडंबी. देवाला असली थट्टा करायची भारी हौस. नरसीजवळच्या एका गावात चतुराबाई हाताला राख फासून बिबे फोडायची आणि गोडंबी हिंगोलीच्या बाजारात विकायची. पण डोळ्याला काही राख फासता येत नाही. एकदा ठोक्यासरशी तेल उडालं आणि तिचा उजवा डोळा गेला. तेव्हा संतराम लहान होता. उतारा म्हणून खोबरं चावून त्याचा लगदा त्यानं आईच्या डोळ्यावर धरला होता, हात अवघडेपर्यंत.

तोच संतराम आता लढाईवर मिसरात, म्हणजे इजिप्तात होता. हिंगोलीला भरतीवाले आले, त्यांच्या पायातले बूट ह्याला आवडले, आणि आईला न विचारता हा अंगठा उठवून मोकळा झाला. बुटांपायी कुणी समुद्रापार जातं, हे चतुराबाईला अजून पटत नव्हतं. नवरा कधीच गेलेला, मागे हा एकुलता एक. पण रागावून करते काय? ती पार्सल पाठवायची.

आसपासच्या गावांतली पार्सलं चाँद पाशाच्या ओसरीवर तयार व्हायची. मागच्या लढाईत तो बसऱ्याला होता, तिथून हवालदार होऊन आला. डबा कसा भरायचा, वर कापड चढवून शिवण कशी घालायची, पलटणीचा नंबर कुठं लिहायचा, हे त्याच्याशिवाय कुणाला येत नसे. पैसा घ्यायचा नाही. मात्र प्रत्येक पार्सलातला एक जिन्नस आपल्या तोंडात टाकायची, हा त्याचा हक्क. आपल्याला जे खाववत नाही ते जवानाला काहून धाडायचं, असं तो म्हणायचा. त्याच्या ह्या हक्काला लोक हसायचे आणि त्याच्यासाठी मुद्दाम एक लाडू मोठा वळायचे.

बेचाळीस सालच्या भादव्यात तांड्यावरचा वसराम पायात गोळी घेऊन कायमचा घरी आला. तो संतरामच्याच पलटणीतला. चार माणसांत बसून त्यानं सगळी खुशाली सांगितली, चहा घेतला, आणि लोक उठल्यावर चतुराबाईच्या मागोमाग परसात गेला.

"मावशी, त्यानं बिबे मागितल्यात," तो म्हणाला. "लाडवात घालून धाड म्हणला. वरून खूण नको, पार्सल फोडून बघत्यात तिथं. डोळ्याला एक थेंब पुरे. एका डोळ्याचा माणूस पलटणीत ठिवत न्हाईत, घरी धाडत्यात."

वसराम खाली बघत पुढे म्हणाला, "आईला समजंल, म्हणला."

समजणार नाही तर काय? पोरगं तिचा डोळा बघतच मोठं झालं होतं. त्या डोळ्यानिशी आई बाजार करते, भाकरी भाजते, भांडते, हसते, हे त्यानं पाहिलं होतं. एका डोळ्यावर माणूस जगतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. चतुराबाईला आधी रडू आलं, मग संताप आला, आणि मग मनात आलं की खरंच, एक डोळा गेला तर गेला. पोरगं तरी दारात येईल.

तिनं गोडंबी, तीळ, खोबरं आणि गूळ घेऊन लाडू वळले. तीन लाडवांत एकेक सबंध बिबा घातला, राखेनं चोळून, पुसून. ते तीन डब्याच्या तळाशी ठेवले आणि वर बाकीचे रचले. म्हणजे चाँद पाशा वरचा एखादा उचलेल आणि झालं, असा तिचा हिशेब.

हिशेब ओसरीवरच फसला. चाँद पाशानं डबा हातात घेतला, हलवून पाहिला, आणि लाडू खुळखुळतात म्हणून सगळे परातीत ओतले. आपल्या पद्धतीनं तो ते पुन्हा रचू लागला, मधे मधे कडुनिंबाचा पाला घालत. चतुराबाई एका डोळ्यानं परातीकडे बघत राहिली. सगळे लाडू सारखेच दिसत होते. कुठला कुठे गेला हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

सगळे रचून झाल्यावर परातीत एक उरला. तो त्यानं वाटीत ठेवून फळीवर सरकवला. रमजान चालू होता, दिवसा तो पाणीही पीत नव्हता. संध्याकाळी रोजा सोडताना खाईन, म्हणाला, आणि दाभण घेऊन शिवायला बसला. शिवता शिवता मिसरात उन्हाळा कसा असतो ते सांगत होता. चतुराबाई हूं हूं करत होती, पण तिचं लक्ष फळीवरच्या वाटीवरून हलत नव्हतं. अमिनाबी, त्याची बायको, आतून म्हणाली की चतुराबाईच्या हातचा लाडू म्हणजे अर्धा माझा. पार्सल शिवून झालं. सकाळी हळदीच्या गाड्या हिंगोलीला जायच्या होत्या, त्यांच्याबरोबर ते टपालात पडणार होतं.

चतुराबाई घरी आली आणि तिला धड बसवेना. इतक्या लाडवांत तीनच बिबे. नेमका तोच कशाला त्याच्या वाटणीला येईल? गप्प बसलं तर पार्सल जातं, पोरगं येतं. आणि आलाच वाटणीला तर? दिवसभराच्या उपाशी तोंडात बिबा फुटला तर जीभ सुजेल, घसा सुजेल, म्हातारा श्वास कोंडून मरेल. ज्यानं आपल्या पोराची सगळी पार्सलं शिवली, त्यालाच मारायचं? तिनं चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. ऊन कौलांवरून वर सरकलं तशी ती उठून चालू लागली. मग पळू लागली.

ती पोचली तेव्हा मशिदीत बांग होत होती. चाँद पाशानं पाण्याचा घोट घेतला होता आणि लाडू हातात उचलला होता.

"खाऊ नका, चाँदभाई," ती दारातूनच म्हणाली. "त्याच्यात बिबा असंल."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं लाडू वाटीत ठेवला, दोन बोटांनी हळूच फोडला, आणखी फोडला. आत तीळ होते, खोबरं होतं, गोडंबी होती. बिबा नव्हता. चतुराबाई आत येऊन बसली. उगीचच धावत आले, उगीचच पोराचं गुपित सांगून बसले, असं वाटून तिला कपाळ बडवून घ्यावंसं झालं.

चाँद पाशानं त्यातलाच एक तुकडा तोंडात टाकला, चावून गिळला आणि विचारलं, "बाकीच्यांत हाये?"

"तिनांत."

"त्यानंच मागितलं?"

तिनं मान हलवली. तो लाल झाला. आपल्या शिवणीतून, आपल्या नावावर असलं काही जावं, याचा त्याला फार राग आला, आणि तो त्यानं लपवला नाही. एकदा असं सापडलं की ह्या मुलखाची सगळी पार्सलं बंद होतात, सगळ्या पोरांची, हे तुला ठाऊक आहे का, असं त्यानं तिला फैलावर घेतलं. ती ऐकून घेत होती. तेव्हा तो थांबला, आणि आवाज उतरवून बोलू लागला.

"बसऱ्याला आमच्यात एक व्हता. नाव न्हाई सांगत, त्याचे लोक अजून हायेत. त्यानं डोळ्याला बिबा लावला. एकाच डोळ्याला लावला, बराबर. पण आग झाली की माणूस डोळे चोळतो, बहेन. दोनी गेले. डॉक्टर आपल्याच मुलखाचा व्हता, गालावरचा काळा डाग बघूनच त्यानं वळखलं. घरी न्हाई धाडलं त्याला. आंधळ्याला तुरुंगात धाडलं."

चतुराबाईनं विचारलं, आणि जो लावत नाही त्याला गोळी लागत नाही का? नाही म्हणून खोटं बोलणारा चाँद पाशा नव्हता. लागते, म्हणाला. त्यानं सुरी घेतली, दुपारी घातलेली शिवण सरळ उसवली आणि डबा तिच्यापुढे ठेवला.

"मी नमाज पढून येतो. तवर काय ठिवायचं ते ठिव. आल्यावर मी बघणार न्हाई, इचारणार न्हाई. शिवून दीन."

तो गेला. अमिनाबीनं सगळं ऐकलं होतं. तिनं परात आणून चतुराबाईपुढे ठेवली आणि आत निघून गेली.

चतुराबाई एकेक लाडू फोडू लागली. पहिला बिबा लवकर सापडला. दुसराही सापडला. तिसरा मात्र सापडेना. लाडू संपत आले तशी तिला वेगळीच भीती वाटायला लागली, की मीच मोजण्यात चुकले आणि चुकून कुठंतरी एक राहिला तर. अखेर तळाकडच्या एका लाडवातून तो निघाला. परातीत नुसता भुगा आणि तिच्या तळहातावर तीन काळे बिबे.

आता निवाडा करणारं दुसरं कुणी नव्हतं. बिबा न पाठवावा आणि पोरगं गोळीनं गेलं तर? त्यानं हात पसरले होते आणि मी दिलं नाही, हे घेऊन जगायचं कसं? पाठवावा आणि दोन्ही डोळे गेले तर? परमुलखातल्या तुरुंगात त्याच्या डोळ्यावर खोबरं कोण धरील? तिनं एक बिबा भुग्यात ठेवला आणि त्याच्याभोवती लाडू वळायला घेतला. एकच. एका डोळ्यापुरता. तिनं तो घट्ट वळला, गोल केला, डब्यात ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

मग पुन्हा उचलून फोडला. गोळी मारली तर दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा मारील, आणि त्याला संतराम कोण हे ठाऊकसुद्धा नसेल. हा बिबा आईच्या हातचा असेल. तेवढं तिच्यानं होईना. तिनं तिन्ही बिबे पदराच्या टोकाला बांधले आणि सगळे लाडू पुन्हा वळले, रडत रडत, नाक पुसत.

चाँद पाशा आला. डब्याकडे न बघता त्यानं झाकण लावलं, कापड चढवलं आणि शिवायला बसला. तिनंही काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला मिसरात मोठी लढाई झाल्याची बातमी आली. कुणाकुणाच्या घरी तारा आल्या. चतुराबाईच्या दारापुढून टपालवाला गेला की ती हातातला बिबे फोडायचा दगड तसाच धरून बसायची, तो पुढं निघून जाईपर्यंत. संतरामकडून ना पत्र, ना निरोप. चार माणसांत ती म्हणायची, त्याला कुठली सवड. मनात म्हणायची, माझ्यामुळं गेला.

शिमग्याच्या आधी हिरासिंग नावाचा जवान काविळीनं पिवळा होऊन रजेवर आला. तोही त्याच पलटणीतला, राहणार कुरुंद्याचा. त्याच्याही आईचं सामान एकदा चाँद पाशानं शिवून पाठवलं होतं, म्हणून तो भेटायला ओसरीवर आला. चाँद पाशानं चतुराबाईला बोलावणं धाडलं. ती आली तेव्हा ओसरीवर बरेच लोक जमले होते. ती खांबाला धरून उभी राहिली. विचारायचं धाडस तिला होईना.

"तुमचा संतराम येडा हाये, मावशी," हिरासिंग हसत म्हणाला. "डबा आला तर कुनाला हात लावू दीना. बाजूला बसला आन् समदे लाडू फोडले. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. नुसता भुगा करून ठिवला. आमी म्हणलं, काय शोधून राहिला बाबा? तर म्हणला, माय एका लाडवात खारीक लपवती, ती शोधून राहिलो."

चाँद पाशा चतुराबाईकडे बघू लागला. तिनं आयुष्यात कधी लाडवात खारीक लपवली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "लपवायची म्या. या खेपेला न्हाई ठिवली." मग तिनं विचारलं, "खाल्ला का त्यानं?"

हिरासिंगचं हसू कमी झालं. "न्हाई, मावशी. भुगा आमालाच वाटून टाकला. मला नको, म्हणला. दोन दिस कुनासंग बोलला न्हाई."

चतुराबाईला ते फार लागलं. तिनं दिलं नाही म्हणून त्यानंही घेतलं नाही. तिच्या हातचा घाससुद्धा नको झाला त्याला. हे तिनं लोकांसमोर, सरळ उभं राहून ऐकून घेतलं.

"मंग लढाईत?" चाँद पाशानं विचारलं.

"वाचला की. मी निगालो तवा धडधाकट व्हता. बोटीपर्यंत पोचवाया आला व्हता मला."

"डोळे?" चतुराबाई म्हणाली.

"कसले डोळे?"

"त्याचे डोळे कसे हायेत?"

हिरासिंगला प्रश्नच कळेना. तो चाँद पाशाकडे बघायला लागला. "चांगले हायेत, मावशी. डोळ्यांना काय झालं?"

"दोनी?"

"दोनी."

चतुराबाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून लोकांदेखत मोठ्यानं रडली. तिला काय झालं ते कुणाला समजेना, आणि चाँद पाशानं कुणाला सांगितलं नाही. अमिनाबीनं पाणी आणून दिलं. ते पिऊन तिनं तोंड पुसलं.

"मंग रागावू द्या त्याला," ती म्हणाली.