बसलो

शेडमध्ये माणसं पाच होती आणि ग्लास सहा. इंद्रभानने दारातूनच मोजलं; बसमध्ये चढणाऱ्या बायका रोज मोजायची सवय होती. पाच जण उलट्या बादल्यांवर बसलेले, मधे एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी. सहावा ग्लास फरशीच्या तुकड्यावर पालथा ठेवलेला.

"या मामा, बसा. पुंजारामची खुर्ची अशी रोज कुणाला भेटत न्हाई," बाटली धरलेला एक जण स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला.

चुकलं, हे त्याला दारातच कळलं. फोनवर रामराव म्हणाले होते, "बुधवारी सहाला या. शाळेच्या मागं बसतो आपण." त्याने अंबडला उतरून शाळा गाठली आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीवर आवाज दाबून विचारलं, "मागं ते बसतात, ते कुठं?" टपरीवाल्याने डोळा मारून पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. इकडे माणसं बसतात म्हणजे काय करतात, हे इंद्रभानला कुणी सांगायला नको होतं. तो स्वतः बावीस वर्षं बसला होता.

तो खुर्चीवर टेकला. परत फिरायचं तर काय सांगून फिरायचं, ते सुचेना.

बियाण्याच्या कंपनीत तो मजूर बायकांची बस चालवायचा. गेटवर रोज सकाळी साडेसहाला दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकावं लागे. मागच्या महिन्यात आकडा शून्याच्या वर गेला. साहेब एवढंच म्हणाले, पुन्हा गेला तर चावी इथंच ठेवायची. त्यानंतर एकोणीस दिवस कोरडे गेले होते. हातांची थरथर थांबली होती. पण दिवस कलला की जीभ टाळूला चिकटायची. म्हणून मुलीने, आकांक्षाने, जालन्याहून रामरावांचा हा नंबर शोधून दिला होता.

पुंजारामने ग्लास सरळ केला आणि बोटभर ओतली. तेवढ्यात इंद्रभानच्या खिशात आकांक्षाचा फोन वाजला.

"सापडलं का अण्णा?"

"हां."

"बसलात?"

त्याने ग्लासकडे पाहिलं.

"बसलो."

"किती जणं हायेत?"

"पाच. मला धरून सहा."

"मंग नीट ऐकून घ्या बरं. मधी उठू नका. ठेवते."

फोन खिशात ठेवायला गेलेला हात ग्लास घेऊन वर आला. एक घोट. दुसरा तोंडात घेण्याआधी त्याने ग्लास फरशीवर ठेवला. तो ठेवताना खणकन वाजला, तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"काय झालं? कडू लागली?"

"मला दुसरीकडं बसायचं होतं," इंद्रभान म्हणाला. "ते सोडणारे बसतात ना, तिकडं."

पाचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बादल्यांवरचे पाचही जण हसले.

"आरं, मामा सोडायला आल्ते आन् आपण धरून बसवलं!"

हसता हसता पुंजाराम उठला आणि त्याच्याबरोबर बाहेर आला. भिंतीपलीकडची बुटकी खोली त्याने दाखवली.

"बालवाडीत बसतात ते. मी बी बसलोय चार महिने. तिथं दिवस इचारतात. किती झालेत तुमचे?"

"एकोणीस."

"मंग एकोणीसच सांगा. एक घोट गेला, त्याला काय. सकाळपर्यंत मशीनला बी पत्ता लागत न्हाई."

बालवाडीच्या खोलीत आठ लहान खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सातांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. भिंतीवर ससा होता, कासव होतं, आणि एक ते दहा आकडे. वही मांडीवर घेतलेल्या पांढऱ्या मिशांच्या माणसाने आठव्या खुर्चीकडे हात केला.

"मी रामराव. आपणच फोनवर बोललो. बसा. उशीर झाला?"

"रस्ता चुकलो."

इंद्रभान सगळ्यांपासून तोंड जरा वळवून बसला. श्वास नाकाने घेत, हळूच सोडत राहिला. पाळी उजवीकडून येत होती.

"मी कल्याण. बेवडा. चारशे अकरा दिवस."

"मी वसंता. बेवडा. सहासष्ट. काल लग्नात गेल्तो. नुसता मठ्ठा पिलो, पाच ग्लास. रात्रभर पोटानं झोपू दिलं न्हाई."

लोक हसले. अजून दोन माणसं मधे होती. मग एक. इंद्रभानने तळवे पँटवर पुसले. एकोणीस म्हणायला जिभेवर तयार होतं. आकांक्षाने जालन्याच्या घरी कॅलेंडरवर एकोणीस फुल्या मारल्या होत्या, हिरव्या पेनाने.

"मी इंद्रभान," तो म्हणाला. "बेवडा."

रामराव पेन धरून थांबले.

"शून्य."

"म्हणजे आज?"

"आज. आत्ताच. इकडं येताना."

कुणी मान वळवली नाही. कल्याणने किटलीतला चहा कपात ओतला आणि कप त्याच्या हातात दिला. रामरावांनी वहीत एक गोल काढला.

"बराबर लिहिलं ना?"

"बराबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कंपनीच्या गेटवर बस उभी होती. आत एकेचाळीस बायका बसल्या होत्या. वॉचमन शिवाजीने नळी पुढे केली.

"फुंका मामा. अजून. अजून थोडं. बस."

इंद्रभानने नळी सोडली. पडद्यावर आकडा आला.

०.००