एका सिगारेटीचा पाव

गल्लीत त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणत, आणि गंमत अशी की त्याच्या भट्टीत घड्याळ नव्हतंच. पाव आत सरकवला की तो सिगारेट पेटवायचा आणि भट्टीच्या तोंडाशी उभा राहायचा. ती बोटांशी आली की लांब दांड्याचं फावडं आत जायचं आणि पाव बाहेर यायचा, वरून तांबूस, खालून खरपूस. बिस्किटांना दीड सिगारेट लागायची. पुढे दुकानात बसणारा थोरला भाऊ हे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. आत पाव भाजतोय की धाकटा भाऊ, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

आधी चालताना पोटऱ्या भरून येऊ लागल्या. दिवसभर उभ्याचं काम, व्हायचंच, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. मग डाव्या पायाचा अंगठा गार पडू लागला, भट्टीपुढे उभा असूनही गार. मग नखापाशी जखम झाली आणि काही केल्या भरेना. शेवटी बायकोने जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पायावरची नाडी चाचपली, पुन्हा चाचपली.

“किती ओढता?”

“कामापुरती.”

“आणि काम पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत,” बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्या होत्या. “कमी करून भागणार नाही. एकसुद्धा नको. सोडलीत तर पाय राहील. नाहीतर आधी बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत.” सिगारेट सुटावी म्हणून लोक निकोटिनच्या पट्ट्या लावतात, च्युइंगगम चघळतात, पण या आजारात तेही नको, म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तलफ आली की थोडा दम धरा, ती ओसरते, म्हणाल्या. तेवढ्या वेळात पाणी प्या, कुणाशी तरी बोला, त्या जागेवरून हला. जागेवरून हलायचं म्हणजे भट्टी सोडायची, हे त्यांना कोण सांगणार?

त्याने सोडली. गल्लीभर सांगून सोडली, म्हणजे माघार घ्यायला तोंड उरायला नको. आणि पाव जळायला लागले.

थोरल्याने भिंतीवर खरंखुरं घड्याळ आणून टांगलं. पण भट्टी नुकतीच रसरसलेली असली की पाव भराभर भाजतो, निवत आली की रेंगाळतो. सिगारेटही भट्टीच्या झळीत भराभर जळायची आणि भट्टी निवली की रेंगाळायची, म्हणून इतकी वर्षं दोघांचं जमलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाला झळ लागत नव्हती. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तेव्हा थोरल्याच्या डोक्यातून एक युक्ती निघाली.

“ओढू नकोस. नुसती पेटवून कट्ट्यावर ठेव. ती जळेल, तू बघ.”

सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही, असं दोघांना वाटलं. सिगारेट तोंडात धरून ओढल्याशिवाय नीट पेटत नाही, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, आणि या दोघांनाही होतं. पहिल्या दिवशी पेटवण्यापुरता एक झुरका. मग विझू नये म्हणून आणखी एक. आठवडा सरायच्या आत कट्टा रिकामा आणि सिगारेट ओठांत.

डबा घेऊन आलेल्या बायकोने ते पाहिलं. ती पुढे दुकानात गेली.

“भावजी, पाव दुसऱ्या कुणाकडूनही भाजून घेता येतील. नवरा मी कुठून आणू?”

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत येऊन त्याने कट्ट्यावरचं पाकीट उचलून भट्टीत टाकलं. “जळू देत पाव. जळके मी खाईन,” म्हणाला, आणि खरोखरच खाल्ले. घरात त्याची मुलं करपलेल्या कडा काढून काढून कंटाळली.

पुढे एका दुपारी घड्याळराव पाठ टेकून बसले होते, आणि त्यांच्या नाकात काहीतरी शिरलं. कच्च्या पिठाचा आंबूस वास गोडसर होत गेला, मग त्याला खरपूसपणा आला. त्याने उठून फावडं घातलं. पाव बरोबर तयार होते. अर्धं आयुष्य या भट्टीपुढे गेलं आणि हा वास त्याने कधी घेतलाच नव्हता. धुराने नाक बंद केलं होतं. “दादा, नाक आलं माझं,” तो पुढे जाऊन म्हणाला. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, यापुढे जळका पाव खावा लागणार नाही म्हणूनही असेल.

ते दिवस फार चांगले गेले. घरी तो साबणाचा, उशीचा, पावसाळी कपड्यांचा वास घेत हिंडायचा. जखमेचं विचारलं की, “भरतेय,” म्हणायचा. पट्टी स्वतःच बांधायचा, फारसं न बघता.

मग एक दिवस काम आटोपून त्याने बूट काढला आणि वास आला. उंदीर मेला असावा म्हणून त्याने पिठाच्या पोत्यांमागे पाहिलं, फळीखाली वाकून पाहिलं. वास त्याच्याबरोबर हिंडत होता. तेव्हा तो खाली बसला आणि त्याने पट्टी सोडली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लपवाछपवी केली नाही. जखम चिघळली होती, अंगठा काढावा लागणार होता. सिगारेट अशीच बंद राहिली तर पाऊल वाचवता येईल. आणखी उशीर झाला असता तर एवढंही सांगता आलं नसतं.

बाहेर बाकावर नवराबायको बसली.

“तुला येत नव्हता वास?” त्याने विचारलं.

“येत होता. आठवडा झाला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं नाक आल्यापासून किती खुशीत होतात. म्हटलं, पायाचं सांगितलं तर घाबराल. आणि घाबरलात की पेटवाल.”

त्याला राग आला. पायाशी खेळलीस, असं तो म्हणणार होता. पण तोवर त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता. खिसा रिकामा होता, तरी बोटं आत चाचपत राहिली. तिने ते पाहिलं, त्याचा हात बाहेर काढला आणि आतून बोलावणं येईपर्यंत तो घट्ट धरून ठेवला.